राक्षस नको, भेग दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत गेल्या रविवारी दरड कोसळण्यावरची एक सचित्र गोष्ट आली. ती छापल्याबद्दल आधी आभार. मुलांच्या पानावर हा विषय घ्यायला बहुतेक जण कचरतात. मुलं घाबरतील, पालक तक्रार करतील, अशी भीती असते. तुम्ही तो घेतलात. पण त्या गोष्टीच्या चित्राबद्दल मला बोलायचं आहे आणि थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण अशी चित्रं काढणं हेच माझं काम आहे. महाडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि मुलांच्या गोष्टींसाठी चित्रं काढते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी दरड, पूर, भूकंप आणि वीज यांच्याच असतात.

छापलेल्या चित्रात डोंगराला लाल डोळे आहेत, सुळे आहेत आणि मातीचे दोन हात खालच्या वाडीवर झेपावलेले आहेत. वाडीतली मुलं हात वर करून रडताहेत. वरच्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर आहे, त्यातून एक जवान दोरीवरून उतरतो आहे. रेषा चांगली आहे, रंग जोरकस आहेत. चित्रकाराच्या हातात कसब आहे याबद्दल शंका नाही. तरीही हे चित्र माझ्या वर्गातल्या मुलांपुढे मी ठेवणार नाही.

पहिलं कारण, डोंगर राक्षस नाही. ज्या मुलांना दरडीची गोष्ट खरोखर सांगायला हवी ती मुलं डोंगराच्या कुशीतच राहतात. उन्हाळ्यात करवंदं तिथलीच, पावसाळ्यात गुरं तिथंच, प्यायचं पाणी तिथल्याच झऱ्याचं. त्यांना डोंगराची भीती घालून आपण काय साधणार? ती रोज त्याच डोंगरावर जाणार आहेत. शिवाय राक्षस मनात आलं की येतो, त्याच्या येण्याला कारण लागत नाही. डोंगराला कारण लागतं. पुष्कळदा तो आधी खुणाही देतो. त्या खुणा मुलाला ओळखता याव्यात म्हणूनच चित्र काढायचं असतं. सुळे काढले की सगळी नजर सुळ्यांवर जाते आणि खुणा काढायला कागदावर जागाच उरत नाही.

खुणा कोणत्या, हे आमच्याकडच्या जाणत्या माणसांना ठाऊक असतं आणि भूवैज्ञानिकही त्याच सांगतात. जमिनीला नवी भेग पडते. सरळ उभं झाड किंवा विजेचा खांब कलायला लागतो. घराचं दार अचानक चौकटीत अडकायला लागतं, भिंतीला तिरका तडा जातो. कधी पाणी नव्हतं तिथून पाझर फुटतो. नितळ झऱ्याचं पाणी गढूळ होतं. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे पाऊस धो धो चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होतं. वर कुठेतरी माती-दगडांनी वाट अडवली, असा त्याचा अर्थ असू शकतो. प्रत्येक दरडीआधी या सगळ्या खुणा दिसतीलच असं नाही. रात्री, अंधारात, तुफान पावसात त्या दिसल्या तरी कळत नाहीत. म्हणूनच त्या आधीपासून डोळ्यांत बसलेल्या हव्यात.

आता भेग काढायची म्हणजे काय, ते सांगते. कागदावर काळी वेडीवाकडी रेघ ओढली की मुलांना ती वीज वाटते, नाहीतर उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशी भेग वाटते. डोंगर सुटायला लागतो तेव्हाची भेग वेगळी असते. ती उताराला आडवी जाते, बऱ्याचदा चंद्रकोरीसारखी वाकलेली. तिची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा चार बोटं खचलेली असते. तिच्यावरचं गवत ताणलं जातं, काही मुळं अजून दोन्ही काठांना धरून असतात. हे चार बोटांचं खचणं चित्रात आलं नाही तर त्या चित्राचा काही उपयोग नाही. मी ते दाखवायला भेगेशेजारी एका मुलीचा हात काढते, बोटं आडवी धरून खोली मोजणारा. एका वाडीतल्या शाळेत हे चित्र दाखवलं तेव्हा दुसरीतला एक मुलगा उठून जवळ आला, त्यानं स्वतःची बोटं कागदावर ठेवून पाहिली आणि म्हणाला, “बाई, आमच्याकडं यात पाणी मुरतं. वरनं येतं नि आत जातं.” वरून वाहत आलेलं पाणी भेगेत शिरताना दाखवणारी निळसर-तांबडी रेघ त्या दिवसापासून माझ्या चित्रात आहे. ती रेघ म्हणजे सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि वर कुजलेल्या दगडाचा नि मातीचा थर असतो. पाणी मुरत मुरत त्या थरात साठतं, थर जड होतो, कातळाशी त्याची पकड सुटते आणि उतरत्या पत्र्यावरून ओली चादर घसरावी तसा तो खाली येतो. डोंगराचा उभा काप काढून हे दाखवलं तर सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळतं. माझा तरी अनुभव तोच आहे.

दुसरं कारण हेलिकॉप्टर. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. हेलिकॉप्टरं तयार ठेवली होती, पण खराब हवामानात ती उडू शकली नाहीत. यंत्रं वर चढवता आली नाहीत. बचावपथकं चिखलातून, पावसात, पायी डोंगर चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. त्याआधी २२ जुलै २०२१ ला आमच्याच महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. त्या दिवशी खाली सगळीकडे पूर होता, रस्ते बंद होते, बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला ३० जुलै २०१४ ला काय झालं, हे जगाला एसटीच्या चालकामुळे कळलं. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि त्याला समोर गावच दिसलं नाही. तिथं १५१ माणसांचा जीव गेला. त्याच्याही आधी, २००५ च्या जुलैअखेरीस, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला म्हणून सगळ्या देशाचं लक्ष मुंबईकडे होतं. त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी आल्या होत्या. आमच्या भागातल्या मोठ्या माणसांच्या मनात ती नावं अजून एका दमात येतात.

या सगळ्यांत पहिल्या काही तासांत हेलिकॉप्टर कुठेही नव्हतं. होती ती शेजारच्या वाडीतली माणसं. तेव्हा चित्रात हेलिकॉप्टर दाखवून आपण मुलाला आकाशाकडे बघत थांबायला शिकवतो. त्या जवानांबद्दल मला अतीव आदर आहे. एनडीआरएफच्या लोकांना चिखलात काम करताना मी जवळून पाहिलं आहे. त्यांचं चित्र जरूर काढावं, पण ते गोष्टीच्या शेवटच्या पानावर यावं. मधली पानं मुलानं स्वतः काय केलं, याची हवीत.

काय करता येतं मुलाला? भेग दिसली की मोठ्या माणसाला हाताला धरून तिथं नेता येतं. रात्री झोपताना बॅटरी, चपला आणि इरलं-घोंगडी एका जागी ठेवता येतात. आवाज आला तर ओढ्याच्या काठाकाठानं न पळता आडवं, बाजूच्या टेपाकडे, म्हणजे उंचवट्याकडे, जाता येतं, कारण माती ओढ्याच्या वाटेनंच उतरते. गुरांची दावी आधीच सोडता येतात. हे शेवटचं मला एका ठाकरवाडीतल्या मुलांनी सांगितलं. मी मुलं पळतानाचं चित्र दाखवत होते. एक मुलगी म्हणाली, “नि करडू?” वर्गात एकदम गलका झाला. करडू सोडून कोणी जाणार नव्हतं, असेल तिथून मागं फिरणार होतं. म्हणून आता माझ्या गोष्टीत इशारा मिळालेल्या संध्याकाळचं एक वेगळं पान आहे. पाऊस लागलाय, आजोबा गोठ्यात वाकून दावं सोडताहेत आणि मुलगी करडू उचलून निघाली आहे. अंधार पडायच्या आत निघालेली माणसं हे सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र. त्यात रडणारं कोणी नाही, पडणारं काही नाही. संपादकांना असं चित्र सपक वाटतं. “यात घडतंय काय?” असं मला विचारलं गेलं आहे. घडतंय ते हेच, की सगळ्यांचे जीव वाचताहेत.

आता मी जो विषय रोज शिकवते त्याबद्दल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा आणि मुलांना सांगा, देखावा काढा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरांमधून निघून रुंद होत येणारी नदी, नदीच्या काठाला आणि डोंगराच्या पायथ्याला चिकटून एक कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड. विदर्भातलं मूल हेच काढतं, मुंबईच्या चाळीतलं मूलही हेच काढतं. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली मुलंसुद्धा स्मरणचित्रात मागे हेच डोंगर टाकून मोकळी होतात. हे चित्र आपण सगळ्यांनी काढलं आहे. पण ते घर पुन्हा एकदा नीट पाहा. वर सरळ उताराचा डोंगर, दारात नदी. दरडीच्या आणि पुराच्या बरोब्बर मध्ये आपण पिढ्यानपिढ्या घर काढत आलो आहोत आणि वर सूर्य हसतो आहे.

मी आता पाचवीच्या वर्गाला हा देखावा काढू देते आणि मग सांगते, दुसऱ्या कागदावर तुझ्या घरामागचा खरा डोंगर काढ. खरा डोंगर त्रिकोणी नसतो. त्याला खांदा असतो, कडा असतो, मधे सपाटी असते. कोणत्या घळीतून पावसाळ्यात पाणी उतरतं? झाडं कुठे आहेत आणि कुठे तोडलीत? रस्त्यासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी जेसीबीनं पायथा कापलाय तो भाग कोणता? कापलेला पायथा लाल-पिवळा उघडा दिसतो, मुलं तो रंग अचूक लावतात. शेवटी विचारते, रात्री बाहेर पडावं लागलं तर उंच आणि मोकळी जागा कोणती, तिथं जायची वाट कुठून? पुष्कळ मुलं इथं थांबतात, घरी जाऊन विचारून येतात. चित्र पूर्ण करायला बाप मुलाबरोबर डोंगरावर जाऊन आला, असं घडलेलं मी पाहिलं आहे. पाऊस निसर्गाचा असला तरी कापलेला पायथा आपला आहे. लहान मुलांच्या पुस्तकात यंत्र दाखवून राजकारण कशाला, असं मला कोणी सांगू नये. मुलं ते यंत्र रोज बघतात. तेवढंच चित्रातून गाळलं तर चित्र खोटं ठरेल.

पुराबद्दलही असंच आहे. छापील पुस्तकांत पुराचं पाणी निळं असतं. कधी त्यात मासे पोहत असतात, कागदी होडी असते. महाडच्या बाजारपेठेत सावित्री आणि गांधारी या नद्या शिरतात तेव्हा पाणी तांबूस-तपकिरी असतं, त्यावर डिझेलचा तवंग असतो, त्यातून सिलिंडर आणि फ्रीज वाहत जातात. रंग खरा काढा, हा माझा आग्रह नुसत्या हौसेपोटी नाही. निळ्या पाण्यात मूल उतरायला बघतं. गढूळ पाण्याखाली उघडं गटार आहे की पायरी आहे की साप आहे, हे दिसत नाही, आणि दिसत नाही हेच मुलाला कळायला हवं. २०२१ च्या पुरानंतर शाळा उघडली तेव्हा चिखलानं फुगलेल्या वह्या आम्ही बाहेर काढत होतो. एका मुलीनं पोस्टर कलरच्या डब्यातला केशरी, काळा आणि थोडा हिरवा मिसळून तो रंग बनवला आणि कागद काठोकाठ भरला. घर नाही, माणूस नाही, नुसता रंग. तिला मी काहीही विचारलं नाही. रंग मात्र तिचाच वापरते.

म्हणूनच आणखी एक विनंती आहे. आपत्ती निवारण दिनाला शाळाशाळांतून ‘पुराचे दृश्य’ किंवा ‘भूकंपानंतर’ अशा विषयांवर चित्रकला स्पर्धा घेतल्या जातात, निकाल वर्तमानपत्रात येतात. ज्या मुलांनी ते भोगलं आहे त्यांच्याकडून ते काढून घेऊन त्याला पहिला-दुसरा क्रमांक देऊ नका. मूल स्वतःहून काढत असेल तर काढू द्यावं, शेजारी बसावं. गुण देऊ नयेत, चित्र भिंतीवर लावायचं तर त्याला विचारून लावावं. स्पर्धा घ्यायचीच असेल तर ‘माझ्या घरापासून सुरक्षित जागेपर्यंतची वाट’ हा विषय ठेवा.

चित्र ज्या गावासाठी आहे त्या गावाचंच असावं, याबद्दल दोन शब्द. भूकंप आला की टेबलाखाली शिरा, असं चित्र आपल्याकडे सर्रास छापलं जातं. ते चुकीचं नाही. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिली-दुसरीची मुलं बस्करपट्टीवर बसतात, तिथं टेबल असलंच तर एक, तेही गुरुजींचं. चित्र पाहून चाळीस मुलं त्याच टेबलाकडे धावली तर काय होईल? टेबल नसेल तर हातांनी डोकं आणि मान झाकून आतल्या कोपऱ्यात अंग आखडून बसायचं, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. मग तेच काढावं आणि डोक्यावर दप्तर धरलेलं दाखवावं. जपानमधल्या बऱ्याच शाळांत मुलांच्या खुर्चीवर जाड गादीची टोपी ठेवलेली असते, एरवी बसायला आणि भूकंपात डोक्यावर ओढायला. आपल्याकडे दप्तर आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, गणपती विसर्जनाहून येऊन माणसं गाढ झोपली होती. सुमारे १० हजार माणसं गेली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं अंगावर आल्यानं. लातूर-धाराशिवच्या मुलांसाठी भूकंपाची गोष्ट काढायची तर त्यात ती भिंत हवी, ती कशी बांधली असती तर उभी राहिली असती हेही हवं. शहरातला उंच इमारतीचा फोटो समोर ठेवून ते चित्र निघणार नाही.

सांगलीच्या मुलाला आयर्विन पुलाजवळचं पाणी किती फुटांवर आहे हे विचारा, तो सांगेल. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. कोल्हापूरच्या मुलाला राजाराम बंधाऱ्याचे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे घरात ऐकून पाठ असतं. त्यांच्या पुस्तकात दगडी कमानी आणि त्यावर रंगवलेले आकडे हवेत. आमच्या महाडला त्याबरोबर भरतीची वेळही दाखवावी लागेल. विदर्भ-मराठवाड्यात शेतात वीज पडून माणसं जातात. तिथं झाडाखाली न थांबता, उघड्यावर सापडलंच तर पाय जुळवून उकिडवं बसलेलं मूल काढायला हवं. उकिडवं बसणं आपल्या मुलांना शिकवावं लागत नाही, त्यामुळे चित्र बघताच त्यांना ते कळतं.

भीती न घालता अशी गोष्ट रंगेल का, अशी शंका असेल तर जपानमधलं एक उदाहरण देते. १८५४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या हिरो गावावर भूकंपानंतर त्सुनामी आली. हामागुची गोर्यो या गावातल्या प्रतिष्ठित माणसानं भाताच्या पेंढ्यांना आग लावली, त्या उजेडानं अंधारात चाचपडणाऱ्या लोकांना उंचावरची वाट दिसली. पुढे त्याची गोष्ट झाली आणि १९३७ ते १९४७ या काळात ती तिथल्या प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात होती. गोष्टीत तपशील बदलले, पण मुलांच्या लक्षात राहिली ती टेकडीवर पेटलेली गंजी आणि तिच्याकडे वर चढत येणारी माणसं. लाटेला त्यात कुणी दात काढले नाहीत. हामागुचीनं नंतर गावासाठी बांधच घातला. सुमारे ६०० मीटर लांबीच्या त्या बांधानं १९४६ च्या त्सुनामीत गावाचा मोठा भाग राखला. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन याच घटनेवरून ठरला आहे, कारण जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे ती तारीख अकराव्या महिन्याची पाचवी होती.

आणि अगदी अलीकडचं, मन हलवून टाकणारं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. माळीणला बरोबर १० वर्षं झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ ला, केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला इथं दरडी आल्या. तिथल्या वेल्लरमला शाळेच्या अंकात त्याआधी एका विद्यार्थिनीनं गोष्ट लिहिली होती. धबधब्यात बुडालेली एक मुलगी पक्षी होऊन परत येते आणि मुलांना सांगते, डोंगरावरून पाणी येतंय, मोठा धोका आहे, इथून पळा. त्या शाळेतली कितीतरी मुलं त्या रात्री गेली. त्या मुलीनं डोंगराला राक्षस केलं नव्हतं. तिनं सांगणारा पक्षी निर्माण केला होता. आठवी-नववीतल्या मुलीला जे सुचलं ते आम्हा मोठ्या चित्रकारांना सुचायला हवं. मला त्या गोष्टीचं चित्र काढायचा धीर अजून झालेला नाही.

आता ही चित्रं मुलांपर्यंत न्यायची कशी? पुस्तक महाग पडतं, वाडीतल्या शाळेत एकच प्रत जाते आणि कपाटात बंद होते. यावर आपल्याकडेच जुनी रीत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक सुटं चित्र हातात धरून, गात-बोलत रामायण-महाभारतातली आख्यानं सांगतात. चित्रांच्या त्या जुडग्याला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाली. बंगालमधल्या मेदिनीपूरच्या पटुआंनी, म्हणजे पटचित्रकारांनी, तर २००४ च्या त्सुनामीचेच पट रंगवले आणि गाऊन सांगितले. मी माझ्या दरडीच्या गोष्टीची चित्रं अशीच मोठ्या सुट्या कागदांवर काढते. मागच्या बाजूला मजकूर असतो, सांगणाऱ्यासाठी. त्याचा मोठा फायदा असा, की वाडीत गेल्यावर तिथल्या डोंगराचं एक चित्र तिथल्याच मुलांकडून काढून घेऊन मध्ये घालता येतं. मागचा मजकूर ठाकरी, कातकरी बोलीत तिथल्या सेविका किंवा शिक्षक स्वतः लिहून घेतात. बाकी चित्रं तीच, डोंगर मात्र त्यांचा.

प्रत्येक जिल्ह्याच्या प्रशासनाकडे दरडप्रवण आणि पूरप्रवण गावांच्या याद्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आहेत. तालुक्यातालुक्यात कलाशिक्षक आहेत, जरी त्यांची पदं भरली जात नाहीत हे दुखणं वेगळं. मे महिन्यात दोन दिवस हे तिघे एका खोलीत बसले तर जूनच्या आत प्रत्येक धोक्याच्या गावाची चित्रपोथी तयार होऊ शकते. याला मोठा निधी लागत नाही. मात्र चित्र छापण्याआधी ते गावातल्या जाणत्या माणसाला आणि भूवैज्ञानिकाला, दोघांनाही दाखवायचं, ही अट कडक असावी. सुंदर पण चुकीचं चित्र मुलाचा जीव घेऊ शकतं. ओढ्याच्या काठानं पळणारी मुलं मी छापील पुस्तकांत पाहिली आहेत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आणि जूनच्या पहिल्या रविवारी बालपुरवणीचं मधलं पान यासाठी द्यावं. दरडीची माझी चित्रं मी आपल्याला विनामूल्य देईन. पानाच्या खाली १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक ठळक छापा आणि ज्या वाड्यांत रेंज येत नाही त्यांच्यासाठी शेजारी एक चौकट कोरी ठेवा. ‘फोन लागला नाही तर मी कोणाला हाक मारणार?’ असं वर लिहा, मुलं नाव भरतील. पान रंगीत हवं, पुराचा आणि कापलेल्या पायथ्याचा रंग कृष्णधवलमध्ये हरवतो. आणि कागद थोडा जाड वापरता आला तर बरं. पावसाळ्यात तो चार महिने कुडाच्या भिंतीवर टिकायचा आहे.

आपली,
एक कलाशिक्षिका,
महाड, जि. रायगड